चोखोबा पहिले रॅपर होते का? एका फसलेल्या शीर्षकाची गोष्ट

पीएच.डी.चा आराखडा लिहायला बसले तेव्हा मी पहिलं शीर्षक असं तयार केलं होतं : 'संत चोखामेळा ते मराठी हिप हॉप : सामाजिक, राजकीय आणि आध्यात्मिक प्रभावाचा चिकित्सक अभ्यास'. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या वहीत याच साच्यातलं एखादं शीर्षक असेल. डावीकडे एक मोठं नाव, उजवीकडे एक चालू विषय, मध्ये 'ते' आणि शेवटी 'प्रभाव'. मला तर ते फार आवडलं होतं. मी मंगळवेढ्याची, चोखोबा मंगळवेढ्याचे, आणि गावातली पोरं आता मोबाईलवर बीट लावून रॅप करतात. विषय घरात चालून आला, असं वाटलं.

माझा मामेभाऊ त्याच पोरांपैकी एक. त्याला कौतुकानं शीर्षक वाचून दाखवलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "ताई, आजोबांनी जे घराबाहेर काढलं, ते तू मला परत कशाला चिकटवतीयस?"

हे कळायला घरची थोडी माहिती हवी. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षेनंतर घरातली विठ्ठलाची तसबीर उतरवली. आजीनं विरोध केला नाही. पण ज्वारी निवडताना ती चोखोबांचा अभंग गुणगुणायची आणि आजोबा आले की थांबायची. म्हणजे आमच्याकडे चोखोबा हा अभ्यासक्रमातला धडा नव्हता, नवरा-बायकोतला न बोललेला वाद होता. आणि मी तो वाद बाजूला सारून एक सरळ रेघ ओढून मोकळी झाले होते.

हा लेख त्या रेघेबद्दल आहे. चोखोबा आणि रॅप यांची तुलना आता सर्रास केली जाते. 'संत हे त्यांच्या काळातले रॅपर होते' हे वाक्य तुम्ही भाषणांत, रील्समध्ये ऐकलं असेल. ऐकायला छान वाटतं. संशोधनात ते टिकतं का, ते एकेक पायरीनं तपासू.

आधी 'प्रभाव' या शब्दाचं काय करायचं?

'अ'चा 'ब'वर प्रभाव आहे असं म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो.

पहिली गोष्ट, वारसा. 'ब'नं 'अ'कडून प्रत्यक्ष काही घेतलं. इथं पुरावा लागतो : कुणी, कुठं, कुणाकडून ऐकलं. दुसरी, साम्य. दोन्ही गोष्टी एकमेकींना न भेटता सारख्या झाल्या, कारण परिस्थिती सारखी होती. इथं परिस्थितीचा पुरावा लागतो. तिसरी, दावा. आजचा कलावंत स्वतःच म्हणतो, "तो माझा पूर्वज." दावा खरा असो वा नसो, तो कुणी केला, केव्हा केला आणि का केला, हा अभ्यासाचा विषय असतो.

माझ्या शीर्षकात हे तिन्ही नव्हतं. दावा होता, पण तो रॅप करणाऱ्यांचा नव्हता. माझा होता.

वरवर पटणारी साखळी किती सहज जुळते ते बघा. हिप हॉपमध्ये पोरं गोल करून उभी राहतात आणि एकामागून एक रॅप करतात, त्याला 'सायफर' म्हणतात. हा शब्द इंग्रजीत आला तो अरबी 'सिफर'वरून. 'सिफर' हा आपल्या 'शून्य'चा अरबी अनुवाद. आता मंगळवेढ्याकडे या. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वर इथं कलचुरी राजा बिज्जलाच्या चाकरीत होते. पुढं ते कल्याणला गेले. तिथल्या अनुभवमंटपात सर्व जातींचे शरण चर्चेला बसत आणि अल्लमप्रभू ज्या आसनावर बसत त्याचं नाव शून्यसिंहासन. झालं! मंगळवेढा, शून्यसिंहासन, सिफर, सायफर, न्यूयॉर्क. मी ही साखळी चक्क आराखड्यात लिहिली होती आणि त्या रात्री आनंदानं झोप लागली नव्हती.

यातली प्रत्येक कडी वेगळी घेतली तर बरोबर आहे. साखळी मात्र खोटी आहे. गणितातलं शून्य अरबस्तानमार्गे युरोपात गेलं, त्याचा शरणांच्या शून्याशी संबंध नाही. न्यूयॉर्कच्या पोरांनीही गोलाला सायफर म्हटलं ते संस्कृतमुळे नव्हे. १९६४ मध्ये क्लॅरेन्स १३ एक्स या माणसानं हार्लेममध्ये एक पंथ सुरू केला, 'फाइव्ह पर्सेंट नेशन'. त्या पंथात अंकांना आणि वर्तुळाला गूढ अर्थ होता. त्यांच्या बोलीतले बरेच शब्द हिप हॉपमध्ये आले आणि सायफर त्यांतलाच, असं सहसा मानलं जातं. माझ्या मार्गदर्शकांनी त्या पानावर एवढंच लिहिलं, "शब्द प्रवास करतात. त्यांच्यासोबत माणसंही गेली का?" हा प्रश्न तुमच्याही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

हिप हॉप आलं कुठून?

तारीख नेहमी एकच सांगतात : ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीतल्या हॉलमध्ये एक पार्टी झाली. रेकॉर्ड वाजवत होता जमैकात जन्मलेला अठरा वर्षांचा क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजे डीजे कूल हर्क. पार्टी ठेवली होती त्याची बहीण सिंडी हिनं, शाळेच्या कपड्यांचे पैसे जमवायला. हर्कनं एक गोष्ट हेरली : गाण्यात शब्द थांबून नुसता ताल उरतो, त्या तुकड्यावर लोक सगळ्यात जास्त नाचतात. मग त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला. त्या लांबवलेल्या तालावर माईक धरून बोलणं सुरू झालं आणि त्यातून रॅप वाढलं.

या पार्टीमागं एक शहर होतं. मोठ्या रस्त्यासाठी वस्त्या उठवलेल्या, इमारती जळालेल्या, कामधंदे गेलेले. १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांचं 'द मेसेज' आलं आणि रॅपमध्ये मौजेच्या जोडीला वस्तीचं वर्णनही असू शकतं हे जगाला दिसलं. डीजे, एमसी, ब्रेक डान्स आणि ग्राफिटी हे हिप हॉपचे चार घटक मानतात. आफ्रिका बंबाटाच्या झुलू नेशननं त्यात पाचवा घटक घातला, तो म्हणजे ज्ञान. आध्यात्मिक बाजू शोधायची तर ती इथं सापडते : स्वतःला ओळख, कुठून आलास ते ओळख.

आता आपल्याकडच्या तारखा बघू. महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' १८७३ मध्ये आलं आणि त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतली गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना उद्देशून होती. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांना पत्र लिहिलं. १९६६ मध्ये ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी निघाली आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर. त्याच १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि पुढच्या वर्षी ब्रॉंक्समधली ती पार्टी झाली.

इथं १८७३ आणि १९७३ या शंभर वर्षांचा योग बघून मोहात पडू नका. तो योगायोग आहे. ओकलंड ते मुंबई या दुव्याचं तसं नाही. पँथरांनी ते नाव ठरवून, जाहीरपणे घेतलं. तिथं वारशाचा पुरावा आहे. म्हणून माझं आजचं म्हणणं असं : मराठी रॅप आणि अमेरिकन रॅप यांचं नातं बाप-लेकाचं कमी आणि चुलतभावांचं जास्त आहे. काळ्यांच्या लढ्याशी आपल्याकडच्या लिहिणाऱ्यांची ओळख हिप हॉप यायच्या आधीच झालेली होती.

अभंग आणि रॅप : जरा मोजून बघू

तुलना करणारे लोक रचनेपर्यंत क्वचित जातात. आपण जाऊ.

मोठ्या अभंगात साधारण चार चरण असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा, आणि यमक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्यात. छोट्या अभंगात आठ-आठ अक्षरं आणि शेवटी यमक. म्हणजे अभंगात अक्षरसंख्या ठरलेली असते आणि गाणारा स्वर लांबवून ती आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात बसवतो.

रॅपमध्ये याच्या उलट. चार ठोक्यांचं माप ठरलेलं. त्यात किती अक्षरं कोंबायची ते रॅपरच्या हाती. एका ओळीत आठ, पुढच्या ओळीत एकवीस. या चढउतारालाच 'फ्लो' म्हणतात. अभंगाचं कौशल्य ठरलेल्या अक्षरांत मावण्याचं आहे आणि रॅपचं ठरलेल्या वेळात न मावता मावून दाखवण्याचं.

ऐकणाऱ्यांची जागाही वेगळी. अभंगाचं ध्रुवपद टाळकरी उचलतात. म्हणजे दहा माणसं 'मी' म्हणतात आणि तो 'मी' चोखोबांचा असतो. सायफरमध्ये पुढचा माणूस मागच्याची ओळ म्हणत नाही, स्वतःची टाकतो. भजनात दुसऱ्याचा 'मी' आपला होतो, सायफरमध्ये प्रत्येकाचा 'मी' वेगळा राहतो. 'आध्यात्मिक प्रभाव' असं लिहायच्या आधी हा फरक समोर ठेवायला हवा.

मग साम्य काहीच नाही का? आहे, नाममुद्रेत. अभंगाच्या शेवटी कवी आपलं नाव घालतो आणि रॅपरही ओळीत आपलं नाव पेरतो. पण इथंही मंगळवेढ्यानं मला अडवलं. बसवेश्वरांच्या वचनात शेवटी त्यांचं स्वतःचं नाव येत नाही, कूडलसंगमदेवाचं येतं. चोखोबांच्या अभंगात चोखा येतो. सोयराबाईंच्या अभंगांत त्यांची ओळख नवऱ्याच्या नावानं आणि जातीच्या नावानं येते. आणि अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आपलं नाव '१००आरबीएच' असं लिहितो. यातला शंभर हा आकडा 'सौ' असा वाचायचा, की सौरभ तयार. एकानं नाव देवाला दिलं, एकानं स्वतः मिरवलं, एकीला ते दुसऱ्याच्या आधारानं घ्यावं लागलं, एकानं त्याचं कोडं केलं. मला वाटतं, प्रबंधाचं एक प्रकरण एवढ्यावर उभं राहू शकतं, आणि त्यात 'प्रभाव' हा शब्द एकदाही लागणार नाही.

एक सावधगिरी हवी. नाममुद्रा म्हणजे लेखकत्वाचा पुरावा नव्हे. चोखोबांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. परंपरा सांगते की ते अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणानं लिहून घेतले. ख्रिश्चन नोवेट्झके यांनी नामदेवांवरच्या अभ्यासात दाखवलंय की ही परंपरा लिखाणापेक्षा कीर्तनातून, सादरीकरणातून जिवंत राहिली, आणि एका नावाखाली अनेक काळांतले अनेक आवाज जमा झाले. माझा भाऊ स्वतःचा आवाज स्वतःच्या मोबाईलवर रेकॉर्ड करतो. मध्ये कुणी अनंतभट्ट नाही. दोघांची संहिता एकाच पद्धतीनं वाचता येणार नाही.

गावकूस

आता मुख्य अडचण. चोखोबांना विद्रोही म्हणायचं का?

त्यांचा शेवट मंगळवेढ्यात झाला. गावकुसाचं काम चालू होतं, वेठीला महार लावले होते, भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. साल १३३८ सांगतात. परंपरेप्रमाणे नामदेव इथं आले, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती गोळा केली आणि पंढरपूरला महाद्वारापाशी समाधी बांधली. कथा तुम्हाला माहीत असेलच. मला तिच्यातली एक साधी गोष्ट फार उशिरा दिसली. ज्या भिंतीच्या बाहेर राहायचं, तीच भिंत बांधताना माणूस गेला. आणि मेल्यावरही जागा मिळाली ती दाराबाहेरच. ते दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. मधली सहाशे वर्षं अभंग गायले जात होते.

बाबासाहेबांचा प्रश्न नेमका हाच होता. 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणाच्या १९३७ च्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींना दिलेलं उत्तर जोडलं. त्यात त्यांचं म्हणणं असं की, संतांनी देवासमोर सगळे सारखे असं सांगितलं, माणसामाणसांत सगळे सारखे यासाठी लढा दिला नाही. चोखोबांच्या काही अभंगांत आपल्या जन्माचं कारण मागच्या कर्मात शोधलेलं दिसतं, तिथं ही टीका थेट लागते. काही अभंगांत मात्र सोवळं-ओवळं ही कल्पनाच ते उलटवून टाकतात. हे दोन्ही चोखोबा एकाच गाथेत आहेत. आपल्याला हवा तो निवडून त्याला 'रॅपर' म्हणणं ही वाचनातली चोरी आहे.

आणि तरीही १९४८ मध्ये 'द अनटचेबल्स' आलं तेव्हा बाबासाहेबांनी ते ज्या तिघांना अर्पण केलं त्यांत नंदनार आणि रविदासांच्या सोबत चोखामेळा होते. टीका करणारा माणूस अर्पणही करतो. माझ्या घरातला वाद, आजोबांची उतरवलेली तसबीर आणि आजीचं गुणगुणणं, या दोन तारखांमध्ये बसतो. मी 'प्रभाव' लिहून तो मिटवायला निघाले होते.

मग रॅपचे जवळचे नातेवाईक कोण?

भावाला मी विचारलं, तू लिहायला कुणाकडून शिकलास? तो म्हणाला, "वामनदादांकडून, १४ एप्रिलच्या डीजेकडून, नि यूट्यूबवरून." उत्तर छोटं, पण माझी संदर्भांची यादी त्यानं बदलली.

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यामागं आंबेडकरी जलशांची परंपरा आहे आणि तिच्यामागं सत्यशोधक जलशांची. जलशानं तमाशाचा सांगाडा घेतला, पण सुरुवातीच्या गणातली देवाची जागा बदलली. अनेक आंबेडकरी जलशांत तिथं भीमवंदना आली. रूप तेच, वंदन कुणाला ते बदललं. 'आध्यात्मिक' हा शब्द वापरायचाच असेल तर तो इथं, या बदललेल्या जागेसाठी वापरा. त्याच्या शेजारी लाल बावटा कलापथक आहे, १९४४ चं : अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर आणि आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे अमर शेख.

दुसरा नातेवाईक कलगी-तुरा. एक पक्ष शक्तीचा, एक शिवाचा. डफावर सवाल टाकायचा, समोरच्यानं त्याच चालीत जवाब द्यायचा, रात्रभर. सवाल पुष्कळदा अध्यात्मातले : आधी माया की आधी ब्रह्म? रॅप बॅटलशी तुलना करायची तर भेदिक शाहिरी हे कितीतरी जवळचं उदाहरण आहे. मी ते सोडून चोखोबांकडे का गेले? कारण त्यांचं नाव मोठं आहे आणि आमच्या गावचं आहे. विषय निवडताना जवळचा पुतळा पकडायची आपल्याला सवय असते.

तिसरा नातेवाईक खुद्द डीजे. सोलापूर जिल्ह्यात 'डीजे' म्हणजे माणूस नव्हे, गाडीवरची स्पीकरची भिंत. कूल हर्कही जमैकातल्या रस्त्यावरच्या साउंड सिस्टीमचा अनुभव घेऊनच वाढला होता. रस्त्यावर मोठा आवाज लावणं म्हणजे "हा रस्ता आज आमचा" असं म्हणणं. हे साम्य आहे, वारसा नाही. पण परिस्थितीचा पुरावा देता येईल असं साम्य आहे. आणि टीकाही करा : त्याच भिंतीतून येणारा आवाज म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना सोसत नाही आणि त्यात वामनदादांचे शब्द बऱ्याचदा ऐकूच येत नाहीत. माझा भाऊ ज्याला शाळा म्हणतो, त्या शाळेत फळा दिसत नाही.

राजकीय म्हणजे नक्की काय?

मराठी रॅपचं राजकारण एकसारखं नाही. 'स्वदेसी' या मुंबईच्या गटात एमसी मवाली मराठीतून रॅप करतो. २०१९ च्या 'द वारली रिव्होल्ट'मध्ये त्यांच्यासोबत आरेच्या जंगलातले प्रकाश भोईर होते. जंगल कुणाचं हा प्रश्न ज्याचा आहे त्याचा आवाज गाण्यातच आला. माही जी या नावानं रॅप करणारी मधुरा घाणे आदिवासींचे प्रश्न मांडते. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर त्यांच्या राजकीय रॅपवरून गुन्हे दाखल झाले. पाहिजे तर याला परिणामाचा पुरावा म्हणा. कुणाला तरी ते शब्द इतके लागले की पोलीस ठाण्यापर्यंत जावंसं वाटलं. शेजारी तमिळमध्ये कास्टलेस कलेक्टिव्ह आणि अरिवू, ओडिशाचा सुमित समोस. इथं जात हा शब्द उघड येतो.

याउलट 'गली बॉय' (२०१९) बघा. त्या चित्रपटानं गल्लीतलं रॅप घराघरात नेलं, हे खरं. त्यात गरिबी आहे, धर्म आहे, बापाचा मार आहे. जात मात्र जवळपास नाही. त्यानंतर 'गली' हा शब्दच एक माल झाला. आमच्या गावातली बरीच पोरं आता ज्या 'सिस्टीम'वर चिडतात, तिला नाव नसतं, पत्ता नसतो. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी भौगोलिक मानांकन मिळालेली, दक्षिणेकडची गावं वर्षानुवर्षं पाण्यासाठी झगडणारी. आणि पोरं रॅपमध्ये मुंबईच्या खोल्यांचं वर्णन करतात. भावाला मी हे तोंडावर सांगितलं. त्याला राग आला. पण माझ्या शीर्षकात आणि त्याच्या ओळीत एकच दोष आहे. दोघांनीही बाहेरचा तयार साचा आणून घरातली गोष्ट झाकली.

बायकांचं काय, हेही विचारायला हवं. मंगळवेढ्याची कान्होपात्रा, गणिकेची मुलगी, बिदरच्या बादशहाकडे जायला नकार देऊन पंढरपूरला गेली. तिची कथा आपण शरणागतीची म्हणून सांगतो. तिच्यातला पहिला शब्द 'नाही' आहे. ब्रॉंक्समधली पार्टी सिंडीनं ठेवली आणि इतिहास भावाच्या नावानं सुरू होतो. सोयराबाईंचं मघाशी आलंच. या तिघींमध्ये मी आता रेघ ओढत नाही. इतकंच म्हणते की तिन्ही ठिकाणी नोंद कुणी केली आणि कुणाच्या नावानं केली, हे तपासायला हवं.

मग मी काय केलं?

शीर्षक बदललं. आता ते असं आहे : 'मंगळवेढा परिसरातील तरुणांचे मराठी रॅप : पूर्वज म्हणून कोणाला स्वीकारले जाते आणि कोणाला नाकारले जाते?' पहिल्यापेक्षा कमी चमकतं. पण यात मला रोज करता येईल असं काम आहे. प्रत्येक रॅपरला विचारायचं, रचना मोजायची, नावं नोंदवायची, आणि चोखोबांचं नाव आलं तर कसं आलं, नाही आलं तर का नाही आलं, तेही लिहायचं. न घेतलेलं नाव हीसुद्धा माहितीच असते.

तुमच्यासाठी एक सोपा सराव. आपलं शीर्षक काढा, त्यातला 'प्रभाव' खोडा आणि तिथं वारसा, साम्य, दावा यांतला एकच शब्द घाला. तो शब्द सिद्ध करायला कोणता पुरावा लागेल, ते एका ओळीत लिहा. ओळ लिहिता आली तर विषय आहे. नाही आली तर मुलाखतीत परीक्षक विचारायच्या आधी स्वतःलाच विचारलेलं बरं.

राहिला भाऊ. नवं शीर्षक त्याला परवा वाचून दाखवलं. म्हणाला, "हे चालेल." थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "आजी कुठला अभंग म्हणायची गं?" मी आठवेल तेवढा सांगितला. त्यानं मोबाईलमध्ये रेकॉर्ड केला. तो त्याचं काय करणार, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. फक्त वहीत तारीख घातली आणि पुढं लिहिलं : दावा, पहिली नोंद.